मागितल्यावाचून घेऊ नये : आब्राच्या टिंगियन डोंगरवासीयांची जीवनरीत

आदिवासी समाजात कार्य करणाऱ्या धर्मगुरूंस व धर्मशिक्षकांस एक प्रश्न वारंवार पडतो. गावच्या वेशीवरील दगड, राखून ठेवलेले रान, पेरणीपूर्वीचा विधी, मृताच्या वर्षदिनाचे जेवण, यांपैकी कोणती गोष्ट पूजा समजावी, कोणती केवळ रूढी, आणि कोणती त्या लोकांच्या एकत्र राहण्याचा पायाच? या प्रश्नाचे उत्तर घाईने दिले असता काय घडते व समजून घेऊन दिले असता काय घडू शकते, हे दोन्ही पाहण्यास फिलिपाइन्समधील टिंगियन लोकांचे उदाहरण फार उपयोगी आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांच्या भूमीचा, चालीरीतींचा व श्रद्धांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

या लोकांशी आपला एक दूरचा दुवाही आहे. १९३२ साली इंदूरच्या मिशनक्षेत्रात ज्या दिव्यशब्द संघाचे, म्हणजेच एस. व्ही. डी. चे, धर्मगुरू आले, त्याच संघाने फिलिपाइन्समधील आपल्या कार्याचा आरंभ १९०९ साली टिंगियनांच्या आब्रा प्रांतात केला होता. तेव्हा माळव्यातील आपल्या बांधवांस तरी ही कथा अगदीच परकी वाटू नये.

भूमी आणि नदी

फिलिपाइन्समधील सर्वांत मोठे बेट लुझॉन. त्याच्या उत्तर भागात कॉर्डिलेरा नावाची विस्तीर्ण पर्वतराजी आहे. तिच्या पश्चिम अंगास, चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेला आब्रा हा प्रांत आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,००० चौरस किलोमीटर असून बांगेद हे त्याचे मुख्य नगर होय. ‘आब्रा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ खिंड किंवा डोंगरातील फट असा आहे, आणि प्रांताचे रूप पाहता हे नाव यथार्थ आहे. माउंट दाता या पर्वतावर उगम पावलेली आब्रा नदी उत्तरेस वाहत येते, तिनेग नदीचे पाणी पोटात घेते, आणि पश्चिमेच्या डोंगरांतील एका अरुंद फटीतून बाहेर पडून व्हिगान नगराजवळ समुद्रास मिळते. चांगले रस्ते होण्यापूर्वी किनाऱ्याशी व्यवहार याच नदीने, बांबूंच्या तराफ्यांवरून, होत असे.

नदीकाठच्या सखल भागात रेड्यांच्या नांगराने कसलेली भातशेते आहेत. वर चढत गेले म्हणजे शेते लहान होत जातात, आणि उंचावरील गावांत डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून तयार केलेली पायऱ्यापायऱ्यांची खाचरे दिसू लागतात. त्यांस झऱ्यांचे पाणी पाटांनी पुरविलेले असते. त्याहून वर गवताळ माथे, आणि शेवटी पाइन वृक्षांची रांग. तिनेग भागात कापारकान नावाचा एक धबधबा आहे. तेथे चुनखडीच्या थरांनी आपोआप बनलेल्या टप्प्यांवरून पावसाळ्यात पाणी उतरत असते. माणसाने बांधलेली खाचरे व निसर्गाने बांधलेले हे टप्पे यांत मोठे साम्य आहे.

मात्र ही भूमी सौम्य नाही. दरवर्षी वादळे येतात, दरडी कोसळतात, नद्या एका रात्रीत फुगतात. २७ जुलै २०२२ रोजी ७.० परिमाणाचा भूकंप आब्रात झाला. त्यात घरे पडली, आणि आब्रातील व शेजारच्या इलोकोस भागातील जुन्या चर्चमंदिरांसही हानी पोहोचली. येथील माणूस निसर्गास सुंदर म्हणतो, पण त्यास गृहीत धरीत नाही. त्याच्या धर्मभावनेचे मूळ शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

नाव आणि लोक

‘टिंगियन’ हे नाव ‘उंच’ या अर्थाच्या मलाय शब्दावरून आले असून त्याचा अर्थ डोंगरवासी एवढाच आहे. ते प्रथम इतरांनी दिलेले नाव होय. ‘इतनेग’ हे दुसरे नाव तिनेग नदीशी जोडले जाते. माएंग, मासादीत, बानाओ, बिनोंगान, आदासेन, इनलाउद असे त्यांचे अनेक पोटगट आहेत, व पुष्कळदा माणूस आपली ओळख पोटगटाच्या किंवा गावाच्या नावानेच सांगतो.

या लोकांविषयी सर्वांत सविस्तर जुनी माहिती अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फे-कूपर कोल यांनी लिहून ठेवली. १९०७–०८ मध्ये ते पत्नी मेबेल यांच्यासह आब्रात राहिले. १९१५ साली त्यांनी टिंगियन कथांचा संग्रह व १९२२ साली त्यांच्या सामाजिक, धार्मिक व आर्थिक जीवनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ज्या जुन्या रूढी आम्ही सांगणार आहोत त्यांपैकी बहुतेक कोल यांच्या नोंदींतील आहेत. त्या सर्वच आज तशाच पाळल्या जातात असे वाचकांनी समजू नये.

कोल यांच्या मते किनाऱ्यावरील इलोकानो लोक व डोंगरातील टिंगियन हे मुळात एकाच रक्ताचे. स्पेनच्या सत्तेने १५९८ साली बांगेद येथे ठाणे वसविले व ऑगस्टिनियन संघाचे मिशनरी आत येऊ लागले. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनी हळूहळू इलोकानो भाषा, पोशाख व नावे स्वीकारली. ज्यांनी घेतला नाही ते टिंगियन राहिले. म्हणजे बाप्तिस्मा घेणे आणि आपल्या लोकांतून उठून जाणे या दोन गोष्टी कित्येक पिढ्या एकच मानल्या गेल्या. हे कोणी जाणूनबुजून ठरविले असेल असे नाही, परंतु घडले ते असे.

भाताची देणगी

टिंगियनांचे जीवन भातावर उभे आहे. जमिनीपासून उंच खांबांवर बांधलेल्या कोठारांत लोंब्यांच्या जुड्या रचून ठेवतात, व लागेल तसे भात कांडतात. हे धान्य माणसाने स्वतः शोधून काढले असे ते मानीत नाहीत. कोल यांनी नोंदविलेली कथा थोडक्यात अशी. फार पूर्वी लोकांस पेरणी ठाऊक नव्हती. दायापान नावाची एक स्त्री सात वर्षे आजारी होती. ती ओढ्यावर स्नानास गेली असता कबोनियान हा आत्मा तिच्या अंगी संचरला. त्याने तिला भात व ऊस देऊन ते कसे लावावेत हे सांगितले, आणि रोग्यास बरे करण्याचा विधीही शिकविला. पण विधीसाठी बांधून ठेवलेला कोंबडा कुत्र्याने खाल्ला. तेव्हा आत्म्याने सांगितले की, ही खूण समज. हा विधी केल्यावर काही रोगी बरे होतील आणि काही मरतील.

या कथेत शेती, आरोग्य व मृत्यू यांचा उगम एकाच प्रसंगी सांगितला आहे. अन्न हे दान आहे, रोगमुक्ती हेही दान आहे, आणि दोहोंवर माणसाची पूर्ण सत्ता चालत नाही, असा तिचा आशय दिसतो. ज्या समाजाची अशी कथा आहे त्यास ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या मागणीचा अर्थ फार विस्ताराने समजावून सांगावा लागणार नाही.

आत्मे, दगड आणि मध्यस्थ

कोल यांच्या नोंदींनुसार टिंगियन लोक कडाक्लान या सर्वश्रेष्ठ आत्म्यास मानतात. तो आकाशात राहतो. पृथ्वी, सूर्य, चंद्र व तारे त्यानेच केले. त्याच्या पत्नीचे नाव आगेमेम व दोन मुलांची नावे आदाम व बालियेन. यांतील पहिले नाव वाचून आपणांस नवल वाटेल; शेजारच्या ख्रिस्ती इलोकानोंच्या सहवासाने ते आले असावे असे कोल यांनी सुचविले आहे. कडाक्लानाच्या कुत्र्याचे नाव किमात, म्हणजेच वीज. एखादे झाड किंवा घर त्याने चावले, तर विशिष्ट विधी व्हावा अशी कडाक्लानाची इच्छा आहे असे समजतात. तथापि दैनंदिन जीवनात ज्याचे नाव सतत येते तो कबोनियान. तोच शिकविणारा, मदत करणारा.

गावाचा राखणदार आत्मा वेशीजवळच्या काही दगडांत वास करतो अशी समजूत आहे. या दगडांस ‘पिनाइंग’ म्हणतात. मोठ्या विधीच्या वेळी त्यांस तेल लावून झाडाच्या सालीच्या पट्ट्या बांधतात, व कोंबड्याचे रक्त मिसळलेला भात अर्पण करतात. कोकणात वा बेळगावच्या खेड्यांत वेशीवरचे शेंदूर माखलेले दगड ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ही गोष्ट समजण्यास अडचण पडणार नाही. पूर्वी टिंगियनांत शत्रूचे शिर कापून आणण्याची चाल होती, व अशा स्वारीपूर्वी पुरुष याच दगडांपाशी जमत. म्हणजे गावाच्या रक्षणाची भावना व रक्तपाताची भावना एकाच ठिकाणी नांदत होती. त्यांच्या जीवनाचे गोड चित्र रंगविण्याचा मोह आवरावा, एवढ्यासाठी हे सांगितले.

आत्म्यांशी बोलणारी मध्यस्थ ही बहुधा प्रौढ स्त्री असते. तिला ‘आलोपोगान’ म्हणतात, व या शब्दाचा अर्थ ‘चेहरा झाकून घेणारी’ असा सांगतात. एका लहान टोपलीत तिचे साहित्य असते. त्यात समुद्रातील शंखशिंपल्यांच्या माळा व चिनी बशी या मुख्य वस्तू. माळा बशीवर वाजवून ती आत्म्यांस बोलावते. आत्मा अंगी आला म्हणजे ती त्याच्या नावाने बोलते, काय चुकले ते सांगते, काय द्यावे ते मागते. सर्वांत मोठ्या विधीस ‘साय-आंग’ हे नाव असून त्यासाठी ‘बालावा’ नावाची विशेष झोपडी उभारतात. हा सोहळा अनेक दिवस चालतो. ‘गान्सा’ नावाच्या सपाट धातूच्या थाळ्या वाजत असतात, हात पसरून पुरुष व स्त्री जोडीने ‘तादेक’ नृत्य करतात, आणि उसाच्या रसापासून केलेली ‘बासी’ नावाची मदिरा वाटली जाते. खर्च यजमानाचा असला तरी जेवण सर्व गावाचे असते.

मृत्यूच्या वेळी प्रेतास उत्तम वस्त्रे नेसवून एका आसनावर बसवीत व मागेपुढे चांगल्या चादरी लावीत. दुष्ट आत्म्यांपासून प्रेत राखावे म्हणून वृद्ध स्त्रिया जवळ बसत. पुढे वर्षभराने किंवा सोयीने ‘लायोग’ हा विधी होई, आणि मग शोक संपे. ‘पुरे झाले, आता कामास लागा,’ असे दुःखितांस सांगण्याचा अधिकार गावाने एका दिवसास दिला होता, हे विशेष.

सुपारी, रांजण आणि वस्त्रे

टिंगियन कथांत सुपारीस मोठे स्थान आहे. विधीचे आमंत्रण देण्यासाठी सोन्याने मढविलेल्या सुपाऱ्याच गावोगाव जातात. कोणी यावयास नाकारले, तर सुपारी त्याच्या गुडघ्यावर किंवा त्याच्या लाडक्या डुकरावर उगवून वाढू लागते, व तो निघेपर्यंत थांबत नाही! दोन अनोळखी माणसे भेटली तर एकत्र विडा खाल्ल्यावाचून एकमेकांस नाव सांगत नाहीत. विडा खाल्ल्यावर कुळे जुळतात, आणि पुष्कळदा ती दोघे भाऊबहीण किंवा पितापुत्र निघतात. मंगलकार्याचे निमंत्रण सुपारी ठेवून करण्याची रीत ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकांस यातील मर्म सहज कळेल.

चिनी व्यापारातून आलेले जुने रांजण हे दुसरे धन. कथांत वधूमूल्य म्हणून बालावा नऊ वेळा रांजणांनी भरून देण्याची मागणी येते. माग्सावी नावाचा एक रांजण तर बोलणारा म्हणून प्रसिद्ध होता, व दूरच्या एका रांजणीशी त्याचा विवाह झाल्याचे सांगत. तिसरे धन हातमागाचे. स्त्रिया रंगीत काठांची पांढरी वस्त्रे नेसतात. चादरींवर माणसे, घोडेस्वार व हरणे यांच्या आकृती विणतात. मनगटापासून वर हातभर मण्यांच्या माळा घट्ट गुंडाळतात. वनस्पतींच्या साली, मुळे व पाने यांपासून रंग करण्याची विद्या काही गावांत आजही जिवंत आहे.

लापात आणि बोदोंग

आता या सर्वांस एकत्र बांधणाऱ्या दोन संस्था पाहू.

पहिली ‘लापात’. रानाचा एखादा भाग, नदीचा एखादा पट्टा किंवा एखादे कुरण काही काळ बंद आहे असे गावचे वडीलधारे जाहीर करतात. विधी होतो, सीमेवर गाठी मारलेले गवत किंवा अशीच खूण लावतात, आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत तेथे झाड तोडणे, शिकार करणे, मासे धरणे वर्ज्य होते. मोडणाऱ्यास दंड द्यावा लागतो. एखादी प्रतिष्ठित व्यक्ती मरण पावली तरी लापात घालतात. जणू रानानेही सुतक पाळावे. आपल्या सह्याद्रीतील देवराया कायमच्या राखीव असतात. लापात मुदतीचा असतो. पण दोहोंचा पाया एकच आहे: रान माणसाच्या मालकीचे नाही, म्हणून घेण्यापूर्वी विचारावे लागते.

दुसरी संस्था ‘बोदोंग’, म्हणजे दोन गावांतील शांतिकरार. ती कॉर्डिलेरातील इतर जमातींतही आहे. प्रत्येक गावातील एक जबाबदार माणूस करार धारण करतो. आपल्या हद्दीत दुसऱ्या गावच्या माणसास इजा झाली, तर भरपाई मिळवून देण्याचे दायित्व त्याचे. शिरे कापून आणण्याच्या जुन्या वैरास आवर घातला तो पुष्कळ अंशी या करारांनी. शेजाऱ्याच्या हद्दीतून जाताना, तेथले पाणी वापरतानाही विचारावे लागते, हा नियम येथे माणसामाणसांत लागू झाला.

तेव्हा आत्म्यांपाशी, रानापाशी व शेजाऱ्यापाशी टिंगियन माणसाचे वागणे एकाच सूत्राने चालते असे आम्हांस दिसते: मागितल्यावाचून घेऊ नये. त्याच्या धर्मातून रान वेगळे काढता येत नाही, व रानातून धर्म वेगळा काढता येत नाही, याचे कारण हेच.

न विचारता घेतले तेव्हा

१९७३ पासून या सूत्राची कठीण परीक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या राजवटीत सेलोफिल ही कंपनी व तिची एक भगिनी कंपनी यांना आब्रा व शेजारच्या प्रांतांतील मिळून सुमारे २ लाख हेक्टर जंगल लाकूड व कागदाच्या लगद्यासाठी देण्यात आले. त्या क्षेत्रात टिंगियनांची पाणलोटाची राने, कुरणे व वाडवडिलांच्या जमिनी होत्या. त्यांस कोणी विचारले नव्हते.

लोकांनी अर्ज केले, विरोध केला, आणि शेवटी आपल्या जुन्या संस्थेकडे वळले. १९७९ साली मालिबकोंग येथे अनेक गावांनी मिळून बोदोंग केला; दोन गावांतील कराराचे रूपांतर सर्वांच्या भूमीच्या रक्षणाच्या करारात झाले. काही धर्मगुरू उघडपणे लोकांच्या बाजूने उभे राहिले. दिव्यशब्द संघाचे कोन्रादो बाल्वेग हे स्वतः मालिबकोंगचे टिंगियन होते. ते १९७९ मध्ये सशस्त्र भूमिगत चळवळीत गेले. पुढे तिच्यापासून वेगळे होऊन १३ सप्टेंबर १९८६ रोजी माउंट दाता येथे राष्ट्राध्यक्षा कोराझोन आकिनो यांच्याशी त्यांनी परंपरेनुसार वस्तूंची देवाणघेवाण करून शस्त्रसंधी केली. ३१ डिसेंबर १९९९ रोजी त्यांच्या पूर्वीच्या सोबत्यांनी त्यांस ठार केले. धर्मगुरूने शस्त्र धरावे काय, या प्रश्नास आमचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु ज्या वेदनेतून तो मार्ग निवडला गेला ती खोटी नव्हती, हेही तितकेच स्पष्ट म्हटले पाहिजे.

लाकडाचा तो उद्योग टिकला नाही. आणि १९९७ साली फिलिपाइन्सने आदिवासी हक्कांचा जो कायदा केला, त्यात वाडवडिलांच्या भूमीवर कोणताही प्रकल्प आणण्यापूर्वी त्या लोकांची पूर्ण माहितीनिशी, मुक्त व आगाऊ संमती घ्यावी असे बंधन घातले गेले. अंमलबजावणीविषयी तक्रारी आहेत, खाणींचे प्रस्ताव अजूनही येतात. तरी लापात व बोदोंग जे शिकवीत होते ते तत्त्व राष्ट्राच्या कायद्यात लिहिले गेले, हे लहान नव्हे.

आपल्यासाठी बोध

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्याविषयीच्या आदेशपत्रात, लोकांच्या परंपरांत दडलेली ईश्वरी शब्दाची बीजे आनंदाने व आदराने शोधावी, असे शिकविले. हे वाक्य आपण पुष्कळदा उद्धृत करतो. आब्राचे उदाहरण त्यास तीन कसोट्या पुरविते.

पहिली : विधी व संस्था यांत भेद करावा. पिनाइंगला रक्त वाहणे ख्रिस्ती माणसास मान्य होणार नाही. पण लापात मोडून रान उघडे करणे हे काही श्रद्धेचे लक्षण नव्हे. विधीबरोबर संस्थाही बुडाली, तर तिच्या जागी आपण काय देणार, हे आधी ठरवावे.

दुसरी : भय आणि आदर यांची गल्लत करू नये. किमातच्या चाव्याचे भय जावे हे शुभवर्तमानाचे कार्य आहे. परंतु त्या भयाबरोबर ‘हे आपले नाही, दिलेले आहे’ ही जाणीवही गेली, तर माणूस मुक्त झाला असे म्हणता येईल काय?

तिसरी : बाप्तिस्म्यासाठी कोणासही आपले नाव, वस्त्र व गाव टाकावे लागू नये. आब्रात कित्येक पिढ्या ते टाकावे लागले, म्हणून डोंगरातील लोकांस ख्रिस्तमंडळी दीर्घकाळ खालच्या लोकांची संस्था वाटली. लोक तिला आपली समजू लागले ते प्रवचनांपेक्षा, त्यांच्या भूमीच्या प्रश्नी कोणी त्यांच्या शेजारी उभे राहिले तेव्हा.

धर्मशिक्षकांनी आपापल्या क्षेत्रात एवढे करून पाहावे. ज्या रूढीविषयी शंका आहे ती कशासाठी आहे, ती पाळली नाही तर गावात काय बिघडते, हे तेथील वृद्ध स्त्रीपुरुषांस बसून विचारावे, व ते सांगतील ते लिहून ठेवावे. निर्णय त्यानंतरचा. देवाघरचे दान घेऊन आपण लोकांकडे जातो. त्यांच्याकडील काही काढून घेण्याचा प्रसंग आलाच, तर तोही विचारल्यावाचून येऊ नये.